रविवारचे प्रवचन आणि सोमवारचा काटा

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या पत्राचा हा सारांश आहे. लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही खुणा गाळल्या आहेत. पत्रलेखक 44 वर्षांचे आहेत, घरी पाच एकर कोरडवाहू शेती आहे, आणि हंगामात ते तालुक्याच्या एका व्यापाऱ्यासाठी गावातच काटा लावून कापसाची खेडा खरेदी करतात. गावात ख्रिस्ती घरे अठरा-वीस. पाळक साहेब (चर्चचे धर्मगुरू) महिन्यातून दोन रविवार येतात, उरलेल्या रविवारी मंडळीतले वडील, म्हणजे नेमलेले ज्येष्ठ सभासद, उपासना चालवतात. ऑगस्टमध्ये साहेबांनी खऱ्या तागडीवर प्रवचन केले तेव्हा या बंधूंना भर उपासनेत रडू आले, कारण त्यांच्या काट्यावर क्विंटलमागे दोन किलो कडता, म्हणजे वजनातली कपात, विकणाऱ्याला न सांगता कापला जातो. "एक किलो शेठचा, एक माझा; ही रीत मी काटा धरण्याच्या आधीपासूनची आहे," असे ते लिहितात. कापूस वेचणाऱ्या बायांचा चुकारा ते बाजाराच्या दिवशी करतात, पण माल विकला गेला नसेल तर एक-दोन बाजार पुढे ढकलतात. धाकट्या भावाशी शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) तीन वर्षे बोलणे नाही, आणि तो भाऊ उपासनेत त्यांच्या पुढच्याच सतरंजीवर बसतो. "प्रवचन ऐकताना सगळे पटते, निश्चय होतो आणि सोमवारी दुपारपर्यंत तो विरून जातो. बायको म्हणते, 'रविवारी रडता अन् हंगामात त्याच काट्यापाशी बसता.' बारावीतल्या मुलाने विचारले, 'बाबा, रविवारचं बोलणं काट्यापाशी चालत नाही काय?' मला उत्तर देता आले नाही. जगणे सुधारेपर्यंत उपासनेला जाणेच बंद करावे, असे वाटते. प्रवचन रोजच्या जगण्यात उतरवायचे म्हणजे नेमके काय करायचे?"

प्रिय बंधू, सलाम.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत "मी पापी आहे" हे वाक्य पुष्कळदा असते, पण त्यापुढे वजन, रक्कम किंवा नाव असे काही नसते. तुमच्या पत्रात दोन किलो आहेत, एक-दोन बाजार आहेत, तीन वर्षे आहेत. म्हणून प्रवचन तुमच्यापर्यंत पोचत नाही, ही तुमची तक्रार मला मान्य नाही. ते पोचले आहे, आणि जिथे पोचायला हवे होते तिथेच जाऊन थांबले आहे. आता ते तुमच्या हातापायांत कसे उतरावे एवढाच प्रश्न उरतो, आणि तो तुम्हाला वाटतो त्याहून लहान असला तरी सोपा मात्र नाही.

आधी तुमच्या निश्चयाविषयी विचारते. रविवारी तुम्ही नेमका कोणता निश्चय करता? पत्रात तो कुठेच लिहिलेला नाही. "आता बदलायचे" एवढेच मनात येत असेल, तर त्याला सोमवारी करण्यासारखे काहीच नसते, आणि ज्याला काम नाही तो निश्चय दुपारपर्यंत विरणारच. यात तुमच्या विश्वासाचा दुबळेपणा शोधू नका. शिवाय एक साधी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. प्रवचन ऑगस्टमध्ये झाले; त्या वेळी पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती आणि काटा घरात माळ्यावर पडून होता. त्या सोमवारी काट्यापाशी तुम्ही सुधारणार तरी काय होतात? पहिला वेचा निघायला अजून काही आठवडे आहेत, आणि पश्चात्तापात घालवण्यापेक्षा ते तयारीला लावावेत असे मला वाटते.

दुसरी समजूत अश्रूंची आहे. प्रवचनाने डोळे भरले म्हणजे ते लागू पडले आणि डोळे कोरडे राहिले म्हणजे वाया गेले, असे आपल्या मंडळ्यांत फार मानले जाते. शेवटची प्रार्थना, हात वर करणे, पुढे येणे यांवरच आपला सगळा भर असतो. बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकात 33व्या अध्यायाच्या शेवटी देव संदेष्ट्याला जे सांगतो, ते मला प्रत्येक उपासनागृहाच्या भिंतीवर लिहावेसे वाटते: लोक तुझ्यापुढे येऊन बसतात, तुझे शब्द ऐकतात, पण त्याप्रमाणे वागत नाहीत, त्यांच्या लेखी तू गोड गळ्याचा, वाद्य छान वाजवणारा गायक आहेस. ऐकणाऱ्यांना त्या संदेष्ट्याचा कंटाळा आलेला नव्हता, उलट त्याचे बोलणे त्यांना आवडत होते.

हे मी वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. माझ्याकडे पत्र्याच्या पेटीत प्रवचनांच्या अकरा वह्या आहेत. शिक्षिकेच्या नोकरीत टाचण काढायची सवय लागली ती उपासनेतही सुटली नाही. तारीख, शास्त्रपाठ, मुद्दे, सगळे नीट. काही वर्षांपूर्वी एक संदर्भ शोधताना लक्षात आले की मत्तय 5:23-24 या पाठावरचे प्रवचन मी चार वेळा उतरवून घेतले आहे. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असे तो पाठ सांगतो. चार वेळा, चार शाईंत. त्यातल्या दुसऱ्या वेळी तर मी लाल पेनने अधोरेखन करून समासात लिहिले होते: "जाऊबाईंनी ऐकायला हवे होते." सासूबाईंच्या पाटल्यांवरून त्या जावेशी माझा अबोला होता, आणि मी तिच्या वतीने प्रवचन ऐकत होते. वही मिटून मी घरची दोन किलो तुरीची डाळ पिशवीत भरली आणि येत्या गुरुवारी जायचे असे ठरवले. गुरुवारी गेले तर ती घरी नव्हती. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले, दार उघडून ती क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "बसा, चहा ठेवते." पाटल्यांचा विषय आमच्यात अजूनही निघालेला नाही, पण चहा मात्र तेव्हापासून थांबलेला नाही. चार प्रवचनांनी जे झाले नाही ते एका वाराने आणि एका बसच्या तिकिटाने झाले, म्हणून हे तुम्हाला सांगते आहे.

तिसरी समजूत अशी, की दर रविवारच्या प्रवचनाचे दर आठवड्याला काहीतरी झालेच पाहिजे. महिन्याला दोन म्हटले तरी साहेबांची वर्षाला चोवीस प्रवचने होतात, वडिलांची त्याहून वेगळी. वर्षात चोवीस सुधारणा करणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही, आणि असा कोणी शेजारी राहायला आला तर मला जरा धास्तीच वाटेल. पेरणाऱ्याचा दाखला लूकने सांगितला त्यात चांगल्या जमिनीतले बी "धीराने" फळ देते, असा शब्द मुद्दाम आला आहे (8:15). मृगात टोबलेली सरकी दसऱ्या-दिवाळीला पहिला वेचा देते हे तुम्हाला मी सांगायला नको. मग ऑगस्टमध्ये ऐकलेल्या वचनाला सोमवार दुपारची मुदत कशासाठी? एक प्रवचन घ्या आणि ते या पूर्ण हंगामाला पुरवा. बाकीची ऐका, पटतील तेवढी मनात ठेवा, त्यांचे ओझे घेऊ नका.

तुमच्यासाठी ते प्रवचन तागडीचेच असावे, आणि त्यासाठी बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा 19वा अध्याय घरी सगळ्यांनी मिळून एकदा सावकाश वाचावा. "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे वचन आपण शुभवर्तमानातून ओळखतो, पण ते मुळात याच अध्यायातले आहे, 18वे. त्याच्या आधी 13व्या वचनात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये अशी आज्ञा आहे. 9व्या आणि 10व्या वचनांत शेताचे कोपरे कापू नयेत आणि सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले पीक, गरिबांसाठी सोडावा असे सांगितले आहे. 35व्या आणि 36व्या वचनांत खरी तागडी आणि खरी वजने आहेत. म्हणजे त्या अध्यायात शेजाऱ्यावरची प्रीती चुकारा आणि काटा यांच्या मधोमध बसलेली आहे. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तुम्हाला शब्द सुचले नाहीत ना, ते तिथे आहेत.

आता काट्याचे बोलू. सगळा कडता पाप आहे असे समजून तुम्ही रडला असाल तर ते पूर्ण बरोबर नाही. ओल्या कापसात पाणी असते, वेचताना पातीचा कचरा येतो, आणि घेणाऱ्याने त्याचा हिशेब धरणे यात लबाडी नाही. सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) सुद्धा 8 टक्के ओलाव्याच्या कापसाला पूर्ण हमीभाव देते, त्यावर 12 टक्क्यांपर्यंत भावात कपात करते आणि 12 च्या वर माल घेतच नाही. पण तिथे ओलावा यंत्राने मोजला जातो आणि कपात का झाली हे विकणाऱ्याला कळते. तुमच्या पत्रातला खरा जड शब्द "दोन किलो" हा नसून "न सांगता" हा आहे. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत आलेला खडखडीत कापूस आणि ऑक्टोबरमधला दवाने भिजलेला कापूस या दोघांवर तेच दोन किलो कापले जात असतील, तर त्या कडत्याचा ओलाव्याशी काही संबंध उरत नाही. 7,000 रुपये भाव धरला तर क्विंटलमागे 140 रुपये होतात. बारा क्विंटल आणणाऱ्या घराचे 1,680 रुपये. त्या घरी कर्जाचा हप्ता किंवा मुलीची फी किती असते, हे गावात राहून तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

इथे तुमच्यापुढे वाटा काय आहेत ते पाहू. काटा सोडून देणे ही एक वाट. ऐकायला ती सर्वांत शुद्ध वाटते आणि एखाद्या दिवशी ती धरावीही लागेल, परंतु आज तुम्ही उठलात तर शेठ दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा बसवतील, कडता तसाच राहील आणि तुमच्या घरची चार महिन्यांची मिळकत जाईल. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याकडे जकातदार आले तेव्हा त्याने त्यांना नाका सोडायला सांगितले नाही. नेमून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, असे सांगितले (लूक 3:13). म्हणून मी तुम्हाला दुसरी वाट सुचवते. तुमच्या वाट्याचा एक किलो या हंगामात पहिल्या पोत्यापासून बंद. त्यासाठी शेठची परवानगी लागत नाही, तो तुमचा आहे. शेठच्या किलोविषयी हंगाम सुरू होण्याआधी त्यांच्याशी समोरासमोर बोला, आणि बोलताना शास्त्र पुढे करू नका, व्यवहाराचे बोला: ओलावा मोजायचे यंत्र आणू, जेवढा निघेल तेवढाच कडता कापू आणि तो विकणाऱ्याला सांगून कापू, त्या बदल्यात माझे कमिशन क्विंटलमागे थोडे वाढवा. व्यापारी माणूस कदाचित हसेल. पण ज्या काट्यावर वजन खरे होते असे चार गावांत कळते, त्या काट्याकडे माल जास्त येतो, हेही तो जाणतो. तो सरळ नाही म्हणाला, तर निदान तो किलो झाकून कापायचा नाही एवढे तुमच्या हातात आहे: काट्याच्या वर एक काळा फळा लावा आणि त्यावर आजचा भाव, ओलावा आणि कडता खडूने लिहा. ज्याला परवडेल तो देईल, ज्याला परवडणार नाही तो पोते परत नेईल. फळाही चालणार नाही असे शेठ म्हणाले, तर मात्र काटा सोडण्याचा दिवस आला असे समजा, आणि तो दिवस तुम्ही आणि बायकोने आधीच एकत्र बसून हिशेबात धरलेला असू द्या, म्हणजे ऐनवेळी भीतीने निर्णय होणार नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, तोही या वेळी चुकवू नका. लोकांचा कडत्याइतकाच संशय काट्यावरही असतो.

मागच्या हंगामाचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मला वाटते तुमच्या रडण्याचे मूळ तिथे आहे. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने चौपट परत देण्याचे वचन दिले. नियमशास्त्रात मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा एवढे सांगितले आहे (लेवीय 6:5). तुमच्याकडे खरेदीची वही असणार. वर म्हटलेल्या बारा क्विंटलवाल्या घराला तुमच्या वाट्याचे 840 आणि पाचव्या हिश्श्याचे 168 असे 1,008 रुपये देणे लागते. सगळ्यांचे एकदम देणे झेपणार नाही हे उघड आहे. मग वहीतली सर्वांत गरीब तीन नावे शोधा, आणि या हंगामात त्यांचा कापूस येईल तेव्हा त्या रकमेने त्यांचा चुकारा वाढवून द्या. विचारले तर खरे कारण सांगा, न विचारले तरी एकाला तरी सांगा. गावात चर्चा होईल, काही जण टिंगलही करतील. ती सोसायची तयारी ठेवा, पण मुद्दाम गाजावाजा करू नका.

वेचणीच्या चुकाऱ्याबद्दल तुम्ही स्वतःवर थोडा अन्यायही केला आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात (24:15) मजुराला त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी मजुरी द्यावी असे सांगताना कारणही दिले आहे: तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी चुकारा करण्याची रीत दोन्ही बाजूंच्या संमतीची आहे, बायांनाही सुटे पैसे रोज घेण्यापेक्षा बाजाराला एकदम हातात आलेले सोयीचे पडतात, त्यामुळे ती रीत मोडायची गरज नाही. परंतु बाजार टळला की त्या बाईच्या पिशवीत तेल-मीठ येत नाही, आणि तुमचा माल न विकला गेल्याचा तोटा तिने उचलावा असा तुमचा तिच्याशी कुठलाही करार नाही. याकोबाच्या पत्रात (5:4) अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असे म्हटले आहे. पहिल्या वेच्याआधी दोन बाजारांच्या चुकाऱ्याची रक्कम एका डब्यात वेगळी काढून ठेवा आणि डबा बायकोच्या ताब्यात द्या. एवढेच. आणि शेवटच्या वेच्यानंतर जी बोंडे राहतात त्यांचा सरवा वेचायला कोणी आले तर हाकलू नका. बायबलमधली विधवा रूथ अशाच सरव्यावर जगली होती.

भावाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेते, कारण तो तुम्हाला तातडीचा वाटतो आणि मला तसा वाटत नाही. शेजाऱ्याची मेर सरकवू नये हे अनुवाद या पुस्तकात आहेच (19:14), पण धुरा कोणी सरकवला हे प्रार्थनेने ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करायचा असतो आणि मोजणी उन्हाळ्यात, शेत मोकळे असताना व्हावी हे उत्तम. दोघांच्या नावे, निम्म्या-निम्म्या खर्चाने अर्ज करण्याचा निरोप एखाद्या वडीलधाऱ्यामार्फत पाठवा. तोवर पुढच्या सतरंजीवर बसणाऱ्या माणसाला उपासनेआधी सलाम करायला मोजणी लागत नाही. त्याने उत्तर दिले नाही तरी पुढच्या रविवारी पुन्हा करा.

उपासनेला जाणे बंद करू का, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. जगणे सुधारेपर्यंत दूर राहायचे ठरवले तर सुधारण्याचे जे एकमेव ठिकाण तुम्हाला आठवड्यातून एकदा मिळते तेच तुम्ही बंद कराल, आणि मग काट्यापाशी तुम्हाला टोचणारे काहीच उरणार नाही. जे वचन ऐकून माणूस अस्वस्थ होतो त्यापासून लांब जावेसे वाटणे साहजिक आहे, पण तुम्ही त्याला नम्रता समजत आहात, तिथे थोडे सावध राहा. हंगामात सहा दिवस राबून सातव्या दिवशी प्रवचनात डुलकी लागली तरी या. त्रोवस गावी प्रेषित पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबले तेव्हा युतुख नावाचा तरुण झोपेने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळले, झोपल्याबद्दल त्याला बोल लावल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत कुठे आढळत नाही. (प्रवचन लांबवणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा, असे मात्र मला नेहमी वाटते.)

साहेबांविषयी तुम्ही काही तक्रार केलेली नाही, हे मला आवडले. तरी एक विनंती त्यांच्यासाठी. यवतमाळने 1953 पासून 1983 मध्ये इथली सेमिनरी (पाळकांना शिक्षण देणारी संस्था) पुण्याला जाईपर्यंत देशभरासाठी पाळक घडवले. प्रवचनांची आणि प्रवचनकारांची या जिल्ह्याला कधी ददात नव्हती. पण किती पाळक कापसाच्या काट्यापाशी अर्धा दिवस बसले असतील? तुमच्या साहेबांना या हंगामात एका सकाळी बोलावून घ्या. पोते काट्यावर चढते, विकणारा मान वाकवून आकडा वाचायचा प्रयत्न करतो आणि तुम्ही कडता सांगता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले की तागडीवरचे त्यांचे पुढचे प्रवचन वेगळे होईल. आणि पाहुणा शेजारी बसलेला असताना तुम्हालाही खरे वागणे जरा सोपे जाईल. यात लाजण्यासारखे काही नाही.

एकट्याने हे सगळे पेलायचे आहे, ही तुमची चौथी समजूत. तुम्ही ती कुठे बोलून दाखवलेली नाही, पण पत्रभर ती आहे. प्रवचन तुम्ही अठरा-वीस घरांनी मिळून ऐकले, मग त्याचा भार एकट्या तुमच्यावर का? यवतमाळ भागातल्या फ्री मेथडिस्ट मंडळ्यांचा वारसा ज्या इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्लींपर्यंत जातो, त्यांच्या काळातली एक गोष्ट सांगते. 1742 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले, बारा-बारा जणांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने घरोघरी जाऊन ती गोळा करायची असे नेमले. पेनी मागायला घरोघरी जाताना कोण दारू पिते, कोण घरात भांडते, हे दिसू लागले, आणि त्यातून दर आठवड्याला एकमेकांची विचारपूस करणारे गट उभे राहिले. कर्जफेडीतून निघालेली ही रीत मला फार भावते, कारण तिची सुरुवात मोठ्या आध्यात्मिक योजनेतून झाली नाही. तुमच्या मंडळीत बारा जणांची गरज नाही. बुधवारच्या प्रार्थनेनंतर दोन विश्वासू माणसे थांबली आणि त्यांनी तुम्हाला एवढेच विचारले, "या बाजाराचा चुकारा झाला का? फळा लावला का?" तर पुष्कळ झाले. तुम्हीही त्यांना त्यांचे विचारा, नाहीतर ती चौकशी होईल आणि सोबत राहणार नाही.

इतर वाचकांनाही यातले थोडे उपयोगी पडावे. ज्यांच्या हातात काटा नाही त्यांच्याही हातात काही ना काही असतेच: कोणाकडे किराण्याची उधारीची वही, कोणाकडे बचत गटाचा हिशेब, कोणाकडे शाळेचे हजेरीपत्रक. शनिवारी रात्री उद्याचा शास्त्रपाठ कोणता हे साहेबांना फोनवर विचारून घ्या. 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत पाठांचे वेळापत्रकच असते, बाकीच्या मंडळ्यांत विचारावे लागते. तो पाठ घरात मोठ्याने एकदा वाचा. जुन्या भाषांतराची भाषा आजीला किंवा मुलांना जड जात असेल तर सोप्या मराठीतले घ्या. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे संपूर्ण शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात घालवली, ते साध्यासुध्या माणसांना समजावे म्हणूनच. बिरुया नगरातले लोक पौलाचे ऐकूनही शास्त्रात रोज शोध करत, आणि लूकने त्यासाठी त्यांचे कौतुक केले आहे, तेव्हा पाळकांनी सांगितलेले तपासून पाहण्यात अनादर नाही. रविवारी संध्याकाळी वहीत मुद्दे लिहू नका, मी अकरा वह्या लिहून पाहिल्या आहेत. एकच ओळ लिहा, आणि त्या ओळीत एक नाव, एक वार आणि एक काम असू द्या: "गुरुवारी, कांताबाईंचे उरलेले दोनशे." काम झाले की ती ओळ खोडा. झाले नाही तर पुढच्या रविवारी नवीन ओळ लिहू नका, तीच ठेवा.

बंधू, तुमच्या बायकोचे ते वाक्य टोमणा म्हणून घेऊ नका. रविवार आणि काटा यांचे नाते या घरात सर्वांत आधी तिने ओळखले आहे, म्हणून चुकाऱ्याचा डबा तिच्याकडे द्यायला सांगितले. आणि काट्यावरचा तो फळा मुलाकडून लिहून घ्या. बारावीचे अक्षर तुमच्या-माझ्यापेक्षा बरे असेल, आणि रोज सकाळी भाव, ओलावा, कडता लिहिताना त्याने जो प्रश्न विचारला होता तो त्याला पुन्हा विचारावा लागतो का, ते हंगाम संपल्यावर मला कळवा. शेठ काय म्हणाले, तेही.

तुमची बहीण